टेक्सासच्या उन्हाळ्यात पहिली ब्रॅकेट रेस: गाडीत काय बदल करावेत?

तुम्ही लिहिलंय की तिघा मित्रांची टीम आहे, जुनी कार्ब्युरेटरवाली ऑटोमॅटिक मस्टँग आहे, मागे ड्रॅग रेडियल (जास्त पकडीचे रेसचे) टायर आहेत, गाडी पाव मैल साधारण १२.६० सेकंदांत कापते आणि जुलैत ह्यूस्टनजवळ शनिवार-रविवारची ब्रॅकेट रेस आहे. तोवर गाडी आणखी पळावी म्हणून काय बदलावं, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: काहीही बदलू नका. ब्रॅकेटमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक जण आपली वेळ आधीच सांगून दोघा-दोघांत पळतो त्या रेसमध्ये, दर फेरीला तीच वेळ देणारी गाडी जिंकते, आणि उन्हाळा नेमका तिथेच घात करतो.

हिशेब आधी पक्का करा. गाडी किती वेळ देईल तो आकडा, म्हणजे डायल-इन, पांढऱ्या शू-पॉलिशने काचेवर लिहायचा. तुमचा १२.६० आणि समोरच्याचा ११.४० असेल तर तुमचे दिवे १.२० सेकंद आधी लागतात. पुढे दोनच आकड्यांची बेरीज: रिअ‍ॅक्शन टाइम (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ) आणि डायलपेक्षा जास्त लागलेला वेळ. तुमची रिअ‍ॅक्शन ०.०६० आणि वेळ १२.६३ आली, तर बेरीज ०.०९०. समोरच्याची ०.०४० आणि डायलपेक्षा ०.०७० जास्त, म्हणजे ०.११०. तुम्ही जिंकलात. डायलपेक्षा लवकर पोचलात तर ब्रेकआउट. मग समोरच्याने रेड लाइट मारला (हिरव्याआधीच सुटला) किंवा तुमच्याहून मोठा ब्रेकआउट केला तरच वाचता. पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात. शेवटचा पिवळा दिसताच सुटायचं. हिरव्याची वाट पाहिली की फेरी गेलीच.

टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीला, तुमच्या वेळेला स्नेल (हेल्मेट प्रमाणित करणारी संस्था) स्टिकरचं हेल्मेट लागेल. बॅटरी घट्ट बसलेली, अ‍ॅक्सिलरेटरची रिटर्न स्प्रिंग चालू, रेडिएटरला ओव्हरफ्लोचा डबा आणि खाली एक थेंबही गळती नाही, एवढं घरीच बघून निघा. बऱ्याच ट्रॅकवर अँटीफ्रीझ चालत नाही, कारण ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि धुवून काढेपर्यंत सगळ्यांची रेस थांबते. आठवडाभर आधीच ते काढून साधं पाणी आणि गंजरोधक भरा.

आता उकाडा. समुद्रसपाटीलगत दुपारी ३५ अंश सेल्सियस असताना हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आपण सुमारे २,४०० फूट उंचीवर असल्यासारखं वाटतं. संध्याकाळी २७ अंशांवर आलं की हाच आकडा १,४०० च्या आसपास उतरतो. तुमच्या गाडीला हजार फुटांचा फरक म्हणजे साधारण एक दशांश सेकंद. म्हणजे दुपारच्या सरावात १२.७० आले म्हणून तोच आकडा काचेवर ठेवून संध्याकाळी पळालात, तर गाडी १२.६० देईल आणि ब्रेकआउटवर घरी जाल. दमट, विरळ हवेत कार्ब्युरेटरचं मिश्रण थोडं रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं) हे खरं, पण जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राला, हात लावू नका. बदल फक्त काचेवरच्या आकड्यात. त्यासाठी खिशात मावणारं हवामान-मीटर घ्या. नव्या कॅमशाफ्टपेक्षा ते कितीतरी उपयोगी.

इंजिनाच्या तापमानाचं गणित बहुतेक नवख्या टीमचं चुकतं. सुरुवातीच्या दोन फेऱ्यांत तासाभराची उसंत मिळते, गाडी थंडगार होते. पण दर फेरीला निम्म्या गाड्या गळतात आणि शेवटी हातात पंधरा-वीस मिनिटंच उरतात. सुरुवातीला ६० अंशांवर पळालात तर शेवटच्या फेऱ्यांत तिथवर उतरणं शक्यच नाही, आणि वेळ बदलते. म्हणून ७५-८० असा शेवटीही गाठता येईल तो आकडा ठरवा. सुरुवातीला त्यासाठी गाडी मुद्दाम तापवा, शेवटी बॉनेट उघडून पंखा चालू ठेवा. इलेक्ट्रिक वॉटर पंप असेल तर इंजिन बंद असतानाही पाणी फिरवता येतं, मात्र बॅटरी दर फेरीनंतर चार्जरवर लावा. तिघांतला एक जण फक्त चार्जर, पंखा आणि पेट्रोलकडे बघेल. टाकीतली पातळीही दर वेळी सारखीच हवी.

टायरमध्ये १६ ते १८ पीएसआय हवा ठेवून सुरुवात करा. मोजायला ० ते ३० चा गेज हवा. उन्हाकडच्या टायरची हवा पिटमध्ये (फेऱ्यांदरम्यान गाडी ठेवायच्या जागेत) उभ्या-उभ्या एक-दोन पीएसआय वाढते आणि सुटताना गाडी एका बाजूला ओढते. त्या टायरवर जुनी चादर टाका आणि स्टेजिंग लेनमध्ये (फेरीसाठीच्या रांगेत) शिरण्याआधी पुन्हा मोजा. व्हील नट टॉर्क पान्याने दर फेरीला तपासा. बर्नआउट (टायर तापवायला चाकं जागीच फिरवणं) करताना पाण्यातून पुढे सरका, ओल संपली की मगच चाकं फिरवा. तीन सेकंद पुरे. भर दुपारी ट्रॅकवरचं रबर मऊ पडून चिकटपणा जातो, तेव्हा सुटतानाचा आरपीएम दोन-तीनशेने कमी ठेवा.

टाइम स्लिप, म्हणजे फेरीच्या वेळांची चिठ्ठी, हातात आली की आधी ६० फुटांचा आकडा (पहिले ६० फूट कापायला लागलेला वेळ) बघा. तिथे ०.०२ गेले असतील तर शेवटी ०.०३-०.०४ गेलेले दिसतील. ती चूक टायरची किंवा स्टेजिंगची, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गाडी लावण्याची. ६० फूट जुळतंय पण शेवटचा वेग कमी आहे, तर हवा, वारा किंवा तापलेलं इंजिन. प्रत्येक स्लिपमागे लेन, पाण्याचं तापमान, टायरची हवा आणि वाऱ्याची दिशा लिहा. रविवारचा डायल या नोंदींवरूनच ठरेल.

स्टेज करण्याआधी ट्रॅकच्या बोर्डवरचा आकडा आणि काचेवरचा आकडा जुळतो का, ते ड्रायव्हरने स्वतः बघायचं. जुळत नसेल तर तिथेच थांबून स्टार्टरला (फेरी सोडणाऱ्या माणसाला) खूण करायची. स्टेज झाल्यावर तो आकडा मान्य केला असंच धरतात. पहिल्या फेरीत हरलात तर अनेक ट्रॅक बाय-बॅकने (पुन्हा पैसे भरून) परत उतरू देतात. ते पैसे वेगळे ठेवा आणि तेव्हाही गाडीत काही न बदलता, फक्त ताज्या हवेवरून नवा डायल लिहून रांगेत लागा.