ग्रँट सरांची नसते, कॉलेजची असते

वाचकांचे प्रश्न. उत्तरे देत आहेत सांगलीतील एका महाविद्यालयाच्या निवृत्त लेखा अधीक्षक

प्रश्न : मी पलूस तालुक्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींवर काम करायची इच्छा आहे. पूर्वी यूजीसीचा मायनर प्रोजेक्ट मिळायचा, आता कुठे अर्ज करावा कळत नाही. प्राचार्य म्हणतात, "प्रस्ताव खुशाल पाठवा, पण हिशेबाचं लचांड ऑफिसच्या गळ्यात नको." मग हिशेब बघायचा कुणी?
– एक सहायक प्राध्यापक

उत्तर : सर, आधी प्राचार्यांचं वाक्य निकालात काढू. केंद्राच्या विज्ञान-प्रकल्पाच्या अर्जाला संस्थाप्रमुखाचं एंडोर्समेंट सर्टिफिकेट जोडावं लागतं. प्राचार्य ते न वाचता सही करतात आणि प्राध्यापक न वाचता अपलोड करतात. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की प्रकल्पाची आर्थिक आणि इतर व्यवस्थापनाची जबाबदारी संस्था घेत आहे. म्हणजे लचांड ऑफिसच्या गळ्यात सहीच्या दिवशीच पडलेलं असतं. तुम्ही प्रमुख संशोधक खरे, पण मंजूर झालेला पैसा संस्थेचा, घेतलेलं उपकरण संस्थेच्या डेडस्टॉकला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत), आणि बजेटमधलं 'ओव्हरहेड' (संस्थेच्या खर्चापोटीची रक्कम) संस्थेला मिळतं ते याच कामासाठी. हे प्राचार्यांना भांडून सांगू नका. ते सर्टिफिकेट छापून, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून समोर ठेवा.

यूजीसीच्या मायनर प्रोजेक्टची आठवण काढणारे तुम्ही एकटे नाही. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या कार्यालयात फाइल द्यायची आणि वाट बघायची, असा तो काळ होता. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ साली संपली आणि त्याबरोबर ते दुकानही आवरलं. 'सर्ब', म्हणजे केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, तेही आता स्वतंत्र राहिलेलं नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, म्हणजे एएनआरएफ, स्थापन झालं आणि सर्ब त्यात विलीन झालं. तिथल्या खुल्या योजनांत तुमचा प्रस्ताव आयआयटीवाल्यांच्या शेजारी ठेवून तपासला जातो. म्हणून राज्य विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी सर्बने ज्या दोन योजना काढल्या त्यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवा : 'शुअर' आणि 'टेअर'. टेअरमध्ये नोकरी न सोडता आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाऊन काम करता येतं, वर्षातले किमान ९० दिवस तिथे काढावे लागतात. पुण्यात एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा आहे, आयसर ही विज्ञान संस्था आहे. उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी त्यात जाणार हे घरी आधी सांगून ठेवा.

राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही विसरू नका. स्थानिक प्रश्नाला विज्ञानाचं उत्तर शोधणं हेच त्यांचं काम, आणि क्षारपडइतका स्थानिक प्रश्न मिरज-वाळवा-पलूस पट्ट्यात दुसरा कुठला? प्रस्तावात 'जागतिक अन्नसुरक्षा' वगैरेंनी सुरुवात करू नका. कुठल्या गावचं शिवार, पाटपाणी किती वर्षं, निचऱ्याची चर आहे का, ऊस कधीपासून बसला, हे लिहा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातला एखादा सहसंशोधक बरोबर घेतलात तर परीक्षकाचा अर्धा संशय तिथेच फिटतो.

आता बजेट. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण प्रस्ताव नामंजूर झाला तर एक दिवस वाईट वाटतं, पण चुकीच्या बजेटचा प्रस्ताव मंजूर झाला तर तीन वर्षं रोज वाईट वाटतं.

उपकरणांचं हेड, म्हणजे खर्चाचं शीर्षक, घ्या. जुन्या प्रस्तावावरून उतरवलेल्या बजेटांत जीएसटी अजून ५ टक्के धरलेला दिसतो. संशोधन संस्थांना मिळणारी ती सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली. ४ लाखांच्या उपकरणावर ५ टक्क्यांनी २० हजार होतात, १८ टक्क्यांनी ७२ हजार. वरचे ५२ हजार कुठून आणणार? दुसऱ्या हेडमधून उचलायचे तर आधी लेखी परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत कोटेशनची मुदत संपते. तेव्हा कोटेशन आजचं घ्या, त्यात कर, वाहतूक, बसवणं हे वेगळं लिहून घ्या. तुम्हाला सोडियम-पोटॅशियमसाठी फ्लेम फोटोमीटर लागेल, तो जरूर मागा. पण मोठी यंत्रं मागण्याच्या फंदात पडू नका. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नमुने तपासून मिळतात, त्याचे प्रति नमुना दर घेऊन 'तपासणी शुल्क' बजेटात धरा. हे शुल्क जवळपास सगळे विसरतात आणि मग खिशातून भरतात.

मनुष्यबळाचं गणित तर कागदावर करूनच बघा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन छात्राला) महिना ३७ हजार आणि एसआरएफला (वरिष्ठ छात्राला) ४२ हजार. दोन वर्षं जेआरएफ, तिसऱ्या वर्षी एसआरएफ, म्हणजे ८ लाख ८८ हजार अधिक ५ लाख ४ हजार : १३ लाख ९२ हजार. घरभाडं वेगळं, आणि ते गावावर ठरतं. सांगली शहर केंद्राच्या घरभाड्याच्या यादीत 'वाय' वर्गात आहे, पलूस 'झेड'मध्ये. सांगलीतल्या मित्राचं बजेट घेऊन नाव बदललंत तर इथेच सापडाल. हे दर नेट किंवा गेटवाल्यांचे आहेत. पलूसला नेट झालेला मुलगा तीन वर्षं टिकेल का, याचा विचार मुलाखतीच्या आधी करा.

पैसा येण्याची तऱ्हाही बदलली आहे. पूर्वी हप्ता बँकेत जमा व्हायचा. आता केंद्राच्या अनेक योजनांत झिरो बॅलन्स खातं असतं आणि खर्चाची मर्यादा पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन निधी-प्रणालीवर, मिळते. एकाने बिल चढवायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं. ३१ मार्चला उरलेली मर्यादा लॅप्स होते. हे काम तुमच्या क्लार्कला येत नसेल तर अर्ज करण्याआधीच त्याला शिकायला पाठवा, आणि अकाउंट्समध्ये बसून एकदा चहा घ्या. तिथल्या माणसाला तुमच्या प्रकल्पाचं नाव मंजुरीपत्रात पहिल्यांदा वाचायला मिळू नये.

प्रश्न : मी साताऱ्यात अर्थशास्त्र शिकवते. खानापूर-आटपाडी आणि माणमधून देशभर पसरलेल्या गलाई (सोनं गाळणाऱ्या) कुटुंबांवर आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे) प्रकल्प मागायचा विचार आहे. गावोगाव फिरताना जीपवाला किंवा सर्वेक्षक मुलं पक्कं बिल देत नाहीत. ऑडिटला काय दाखवायचं?
– एक प्राध्यापिका

उत्तर : विषय फार चांगला निवडलात, मॅडम. विट्याच्या आसपास घराघरात कुणीतरी कोईमतूरला नाहीतर कोलकात्याला सोनं गाळायला गेलेलं असतं, पण त्यावर हिशेबी अभ्यास थोडा आहे.

पक्कं बिल नसेल तर पावती करा. कोरं व्हाउचर बुक बरोबर ठेवा : तारीख, गाव, काम, रक्कम अक्षरी, घेणाऱ्याची सही आणि मोबाइल नंबर. ५ हजारांच्या वर रोख दिलीत तर १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. सर्वेक्षकांना मात्र रोख देऊच नका, त्यांच्या खात्यावर पाठवा. जीपवाल्याच्या पावतीवर गाडीचा नंबर आणि 'कुठून कुठे' लिहा. विटा ते झरे असं लिहिलेल्या पावतीला ऑडिटर हात लावत नाही, 'प्रवास खर्च' एवढंच लिहिलेल्या पावतीवर लाल शेरा मारतो. परराज्यातल्या मुलाखतींचा रेल्वे-प्रवास आधीच बजेटात धरा, नंतर वाढवून मिळेल अशी आशा ठेवू नका.

प्रश्न : मी कॉलेजात हेड क्लार्क आहे. एका जुन्या प्रकल्पाच्या बचत खात्यावर व्याज साठलंय. सर म्हणतात, त्यातून प्रिंटर घेऊ. घेता येईल का?
– मिरज

उत्तर : नाही. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २३० (८) सरांना दाखवा. केंद्राच्या अनुदानावरचं व्याज हिशेब पूर्ण झाल्यावर भारताच्या संचित निधीत भरायचं असतं. भारतकोश पोर्टलवरून भरा, चलनाची प्रत १२-ए नमुन्यातल्या युसीला (उपयोगिता प्रमाणपत्राला) जोडा, आणि युसीत व्याजाची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. युसी कित्येक वर्षं गेलेलं नसेल तर तेही आत्ताच पाठवा. जुनं युसी थकलं की नव्या सरांचा हप्ता अडतो, आणि ते तुमच्या टेबलापाशी येऊन विचारतात.

प्रिंटरसाठी सरांनी विभागाच्या कंटिन्जन्सीतून (किरकोळ खर्चाच्या तरतुदीतून) मागणी टाकावी.