गोल्फच्या ड्रायव्हरला रेग्युलर शाफ्ट घ्यावा की स्टिफ?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, बॉल हवेतून जेमतेम १९० यार्ड जातो, बहुतेकदा उजवीकडे, आणि मित्र म्हणतात शाफ्ट, म्हणजे दांडा, स्टिफ (कडक) घे. मी म्हणेन, मित्रांना चहा पाजा आणि आधी रेग्युलर (त्याहून मऊ) मारून बघा, तोही ५०-५५ ग्रॅमचा.

हा चटका मला बसून गेलाय. एका ओळखीच्यांकडून जुना ड्रायव्हर घेतला होता, शाफ्टवर ठळक 'एस', म्हणजे स्टिफ. तो एस बघूनच छाती फुगायची. बॉल मात्र खालून खालून निघायचा आणि उजवीकडच्या झाडांत. सात-आठ महिने स्विंगलाच दोष दिला, कोचची फी भरली. बॅग उचलणारा कॅडी एकदा म्हणाला, "साहेब, दांडा लई कडक हाय तुमाला." तेव्हा रागच आला. पुढे लॉन्च मॉनिटरवर, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्रावर, माझ्या स्विंगचा वेग निघाला ताशी ८४ मैल.

ढोबळ हिशेब असा: ७५ ते ८५ मैलांना सीनियर (रेग्युलरहून मऊ), ९५ पर्यंत रेग्युलर, १०५ पर्यंत स्टिफ, त्यावर एक्स-स्टिफ. तुमच्या १९० यार्डांवरून वेग ८५ च्या आसपास असावा. पण या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. एकीचा आर (रेग्युलर) दुसरीच्या एसइतका कडक निघू शकतो. शिवाय वेग सारखा असला तरी वरून खाली येताना हिसका देणाऱ्याला जरा कडक शाफ्ट मानवतो, संथ लयीत येणाऱ्याला मऊ.

बॉलला लागायच्या क्षणी शाफ्ट किंचित पुढे वाकलेला असतो, त्यामुळे हेडचा लॉफ्ट, म्हणजे बॉल वर उचलणारा तिरकेपणा, थोडा वाढतो. आपल्या वेगाला शाफ्ट फार कडक असेल तर हे वाकणं कमी होतं, बॉल खाली राहतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे जाण्याकडे कल असतो. म्हणून स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, शाफ्टनं बरा होईल असं मात्र समजू नका. तो मुळात क्लबफेस (बॉलला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिल्याचा आजार आहे.

फ्लेक्सपेक्षा, म्हणजे शाफ्टच्या कडक-मऊपणापेक्षा, मी वजनाला जास्त मानतो. ड्रायव्हरचे ग्रॅफाइट शाफ्ट साधारण ४० ते ८० ग्रॅमचे मिळतात. फार हलका घेतला की हेड कुठे आहे तेच कळत नाही, जड घेतला की सोळाव्या होलला खांदे बोलायला लागतात. हेड तेच ठेवून तीन शाफ्ट लावून बघा, प्रत्येक शाफ्टनं दहा बॉल मारा, शक्यतो रोज खेळता तेच, सरावाच्या रेंजवरचे झिजलेले नकोत. सगळ्यात लांब गेलेला बॉल विसरा. दहा बॉल किती पसरले ते बघा.

आयर्नच्या, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा जवळच्या फटक्यांच्या क्लबच्या, शाफ्टचं एका ओळीत विचारलंत. कोपर दुखत असेल तर ग्रॅफाइट, कारण हादरे कमी पोचतात. नसेल तर १३० ग्रॅमचं जुनं स्टील सोडून ९५-१०० ग्रॅमचं हलकं स्टील बघा, ग्रॅफाइटपेक्षा बहुधा स्वस्तही पडेल.