कर्णबधिर उमेदवारांना नोकरीला लावायचं काम मिळालंय, कामाचे शब्द साईन लँग्वेजमध्ये कसे शिकू?

तुम्ही विचारलंय की सेंटरवर प्लेसमेंटला नवीन लागलाय आणि पगार, सुट्टी, शिफ्ट असले शब्द कुठून शिकायचे. मी मुंबईत हेच काम सहा वर्षं करतेय म्हणून लिहिते.

आधी एक, यूट्यूबवर एका हाताची एबीसीडी दिसते ती अमेरिकन, ती पाठ करू नका. आपल्या इंडियन साईन लँग्वेजमध्ये अक्षरं दोन हातांनी करतात, ए ई आय ओ यू म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका बोटाच्या टोकाला दुसऱ्या हाताचं बोट लावायचं. पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) बोटांनी स्पेल करायला हे रोज लागतं. शब्दांसाठी दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सरकारी साईन लँग्वेज केंद्राची व्हिडिओ डिक्शनरी आहे, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द झाले, फुकट बघता येते. पण गावागणिक काही खुणा बदलतात, म्हणून समोरचा जी खूण करतो ती घ्या, डिक्शनरीतली त्याच्यावर लादू नका.

आता खरं सांगायचं ते. नुसते शब्द येऊन भागत नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं. एका मुलाला पॅकिंगच्या कामाला लावलं, पगार १२,००० ठरला, मी त्याला कटिंग होईल असं सांगितलं आणि तो मान हलवत होता. महिना संपल्यावर स्लिप घेऊन आला, हातात १०,४७०, आणि रागाने माझ्याकडे बोट करून "तुम्ही खोटं बोललात". मी "कापणे" म्हणून जी खूण केली होती ती भाजी कापायची होती हो! पैसे कापतात हे त्यातून त्याला कळणार कसं? आमच्याकडचे एक बधिर सहकारी आले, टेबलावर नाण्यांची रास केली, त्यातून थोडी बाजूला सरकवून पीएफ स्पेल केलं, मग "तुझेच, नंतर मिळणार", अजून थोडी काढून ईएसआय, "आजारी पडलास तर दवाखाना". दोन मिनिटांत पोरगं शांत झालं, दुसऱ्या दिवशी कामावर गेलं. मी मात्र रात्रभर विचार करत होते की मान हलवणं म्हणजे "बघतोय" असतं, "कळलं" नाही.

तेव्हापासून मी "कळलं का" विचारतच नाही, "आता तू मला सांग, पहिल्या तारखेला हातात किती येणार" असं विचारते. आणि कागदावर मराठीत लिहून दिलं की झालं असं धरू नका, बऱ्याच जणांची मराठी ही दुसरी भाषा आहे, वाक्य वाचून अर्थ लागेलच असं नाही.

व्याकरण आपल्याला तसं सोपं जातं. प्रश्नाचा शब्द शेवटी, "तू काम कुठे", नकारही शेवटी, "अनुभव नाही", आणि प्रश्न विचारताना भुवया आणि चेहरा हललाच पाहिजे, कोऱ्या चेहऱ्याने केलेली खूण त्यांना अर्धवट वाटते.

शिकायचं तर बधिर शिक्षकाकडेच शिका, वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. आणि अपॉइंटमेंट लेटरवर सही असेल किंवा कोणाला कामावरून काढत असतील तर तुम्हाला कितीही येत असलं तरी इंटरप्रिटर बोलवाच, मी आजही बोलावते.