निळी स्क्रीन आली नि गेली

प्रश्न : माझा पीसी काम करता करता मधेच निळी स्क्रीन दाखवतो आणि काही वाचायच्या आत रीस्टार्ट होतो. विंडोज नव्यानं टाकून पाहिलं, तरी तेच. व्हायरस असेल का?

उत्तर : विंडोज नवं टाकूनही तेच होतंय म्हणजे व्हायरसचा संशय सोडा, बहुतेक हार्डवेअरची भानगड आहे, नाहीतर एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) जो तुम्ही दरवेळी परत टाकताय. आधी ती स्क्रीन थांबवा. 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा, मग खालच्या स्टॉप कोडचा, म्हणजे एररच्या नावाचा, निवांत मोबाईलवर फोटो काढून ठेवता येईल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसला की लोक लगेच पॉवर सप्लाय बदलायला धावतात, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, का ते नुसत्या त्यावरून कळत नाही.

दरवेळी कोड वेगळाच येत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगानं चालवायची सेटिंग, चालू असेल तर बंद करून बघा, मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा, एक जरी एरर आली तरी 'चालतंय की' म्हणू नका. रॅमच्या दोन स्टिक असतील तर पीसी बंद करून, प्लग काढून एकेक लावून तपासा, आणि स्लॉटही बदला, कारण कधीकधी रॅम चांगली असते नि स्लॉटच गेलेला असतो. फक्त गेम खेळतानाच क्रॅश होत असेल तर मात्र तापमान आणि ग्राफिक्स ड्रायव्हर आधी बघा. आणि हो, हे सगळं करायच्या आधी बॅकअप घ्या बुवा!