ऑफिसमधलाच माणूस दगा देतोय हे आधी कसं ओळखायचं?

चेहऱ्यावरून नाही, कामाच्या पद्धतीवरून. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण बघा. एकच अधिकारी वर्षानुवर्षं त्याच टेबलावर. गिऱ्हाइकाच्या कर्जाची हमी देणाऱ्या हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून (बँकांची आपसातली संदेशयंत्रणा) भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना जायचे, पण स्विफ्ट बँकेच्या मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेलंच नव्हतं, म्हणजे तिथे नोंद नाही! तो निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये ही हमीपत्रं घेणाऱ्या त्याच गिऱ्हाइकांकडे नव्या माणसाने १०० टक्के मार्जिन, म्हणजे हमीइतकी पूर्ण रक्कम आधी जमा करायला, मागितलं, तर म्हणे "आधी कधी द्यावं लागलं नाही." तिथेच बिंग फुटलं. आकडा पुढे १३,००० कोटींवर गेला.

म्हणून कधीच रजा न घेणारा, आपलं काम दुसऱ्याला दाखवायला कां-कूं करणारा 'निष्ठावान' माणूस दिसला की मी आधी तिकडे बघतो. (बिचारा खरंच कष्टाळूही असू शकतो.) रिझर्व्ह बँकेने २०२१ पासून बँकांतल्या संवेदनशील पदांवरच्यांना वर्षातून सलग किमान १० कामाचे दिवस, तेही त्यांना आधी न कळवता, सक्तीची रजा लावली आहे. छोट्या ऑफिसातही हे जमतं.

बाकी, पेमेंटची नोंद भरणारा आणि ते मंजूर करणारा वेगळा ठेवा. आणि मॉनिटरला चिकटवलेली टॅलीच्या पासवर्डची चिठ्ठी आजच काढा.