शिट्टी मारणारा अँप

प्रश्न : काका, नमस्कार. मी साताऱ्याची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून फेंडर चॅम्प ५एफ१ या गिटारच्या छोट्या अँप्लिफायरच्या सर्किटवरचं किट मागवलं आणि तीन आठवडे रोज रात्री बसून जोडलं. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) पेटतात, पण थोड्याच वेळात स्पीकरमधून कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. व्हॉल्यूम शून्यावर नेला, गिटारची वायर काढली, तरी थांबत नाही. पुस्तिकेशी चार वेळा ताडून पाहिलं, सगळं बरोबर आहे. बाबा म्हणतात, परत पाठव. काय करू?

उत्तर : परत पाठवू नकोस. निम्मं निदान तुझ्या पत्रातच आहे. व्हॉल्यूम शून्यावर असूनही शिट्टी येते, म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे, आणि चॅम्पमध्ये त्याच्या पुढे फार काही नसतंच. १२एएक्स७ या व्हॉल्व्हच्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग. पहिला गिटारचा सिग्नल उचलतो, मग व्हॉल्यूम, मग दुसरा ट्रायोड, मग स्पीकरला ताकद देणारा ६व्ही६ व्हॉल्व्ह, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. आता स्पीकरच्या जॅकवरून मागे येणारा २२ किलोओहमचा रेझिस्टर शोध. लाल-लाल-नारिंगी पट्टे असतील. तो दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडकडे (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाकडे) जातो. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा अंश मागे आणून पुढे जाणाऱ्याला आवर घालणं, हे त्याचं काम. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या की तोच अंश आवर घालायच्या ऐवजी रेटा देतो, आणि अँप स्वतःच ओरडत सुटतो.

खात्री करायला त्या रेझिस्टरचं एक टोक सोडव आणि अँप चालू कर. शिट्टी थांबली तर रोग हाच. मग जॅकवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल कर आणि रेझिस्टर पुन्हा जॅकच्या गरम, म्हणजे सिग्नलच्या टोकाला जोड, चॅसीच्या (अँपच्या धातूच्या सांगाड्याच्या) टोकाला नव्हे. कायमचा काढून ठेवू नकोस. त्याच्याशिवाय आवाज मोठा येतो पण लवकर फाटतो. यात तुझी चूक असेलच असं नाही. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्यानं टोकं उलट काढली तर पुस्तिका बरोबर असूनही अँप ओरडतो.

पण पाना-पक्कड उचलण्याआधी पुढचं नीट वाच, कारण तू रात्री, एकटी, दमलेली असताना हे करतेस याची मला काळजी वाटते. या अँपमध्ये तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात. प्लग काढला तरी वीज साठवणारे फिल्टरचे कपॅसिटर भरलेले राहू शकतात. १९७९ साली मी उमेदवारी करत होतो तेव्हा एक व्हॉल्व्ह रेडिओ उलटा करून आत बोट घातलं. प्लग माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर पडला होता. झटका खांद्यापर्यंत गेला, अंगठ्याच्या पेरावर पांढरा डाग पडला, आणि दुपारभर हात थरथरत होता. त्या दिवसापासून मी मीटरवर विश्वास ठेवतो, प्लगवर नाही.

तू असं कर. १०० किलोओहम, २ वॉटच्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशनची वायर आणि मगर-क्लिप लाव, उघडी टोकं स्लीव्हनं झाक. प्लग काढ, एक क्लिप चॅसीला लाव, दुसरी फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला. डावा हात पाठीमागे. अर्धा मिनिट थांब. मग प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर मीटर लावून बघ. पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालायचा नाही. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. आणि स्पीकर न जोडता अँप कधीही चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

शिट्टी गेली की ६व्ही६च्या कॅथोडवरच्या ४७० ओहमच्या रेझिस्टरवर व्होल्ट मोज. १९ आले तर १९ भागिले ४७०, म्हणजे ६व्ही६मधून साधारण ४० मिलिअँपिअर प्रवाह जातो. ६व्ही६च्या प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारं टोक) आणि कॅथोडमध्ये ३२० व्होल्ट असतील तर दोन्हींचा गुणाकार १३ वॉटच्या आत बसतो. १४च्या पलीकडे नेऊ नकोस. घरघर राहिली तर अँप बंद करून १२एएक्स७ काढ आणि त्याच्याशिवाय अँप पुन्हा चालू कर. तरीही घरघर असेल तर फिल्टर बघ. गेली तर हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारा घट्ट पिळून सिग्नलच्या तारांपासून दूर, चॅसीच्या कोपऱ्यातून ने. मग पुढचं पत्र पाठव, आकड्यांसकट. आणि हे काम रविवारी सकाळी कर, बाबांना शेजारी बसवून. त्यांना मीटरचे आकडे लिहून घ्यायला सांग.

प्रश्न : अमेरिकेतल्या भावानं असंच किट आणलं आहे. ट्रान्सफॉर्मरवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. पुण्यात चालेल का?

उत्तर : थेट लावलात तर ट्रान्सफॉर्मर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरता येतो, पण त्यानं व्होल्ट उतरतात, हर्ट्झ ५०च राहतात, आणि ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. माझा सल्ला, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पॉवर ट्रान्सफॉर्मरच बदलून घ्या. दुय्यम (बाहेर देणाऱ्या) बाजूचे व्होल्ट आणि अँपिअर किटमधल्याइतकेच हवेत, हे गुंडाळणाऱ्याला कागदावर लिहून द्या. तीन पिनांचा प्लग लावा आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण चॅसी त्यालाच बांधलेली असणार.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे अँपच्या वाटेत एक बल्ब जोडलेला बोर्ड. बल्ब ६० वॉटचा, जुन्या तारेचाच. एलईडी चालत नाही. आधी व्हॉल्व्ह न लावता अँप चालू करून बघा, बल्ब जेमतेम लालसर दिसला पाहिजे. मग व्हॉल्व्ह लावून. उजळून हळूहळू उतरला तर ठीक. भगभगत राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे.