ब्रीवर रेड वाईन कडू का लागली?

प्रश्न: नमस्कार ताई, मी घोडबंदर रोडला राहते. गेल्या रविवारी मैत्रिणी येणार होत्या म्हणून हौसेने ब्री, जुनं चेडर आणि ब्लू चीज आणलं, सोबत चांगली कडक रेड वाईन. पण ब्री खाऊन वाईनचा घोट घेतला की तोंड कडू व्हायचं, आणि ब्लू चीजला तर कुणी दुसऱ्यांदा हात लावला नाही. काय चुकलं? एक मैत्रीण पक्की शाकाहारी आहे, तिला कुठलं चीज चालेल?

उत्तर: अहो, चीज तुम्ही छान निवडलंत, फक्त वाईन एकच होती ना, तिथे गडबड झाली. रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून टॅनिन उतरतं, कडक कोरा चहा प्यायल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते, तेच ते. जुन्या चेडरमधलं फॅट आणि प्रोटीन या टॅनिनला मऊ करतं, म्हणून तुमचं चेडर नक्की संपलं असणार. ब्रीची पांढरी साल म्हणजे बुरशीच (खायचीच असते हां, काढून टाकू नका), तिचा स्वतःचा थोडा कडवटपणा असतो आणि कडक रेडने तो आणखी वर येतो. ब्रीला स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाईन द्या, नाहीतर नाशिकची थंड शेनिन ब्लांक ही व्हाईट वाईन, बघा किती फरक पडतो.

ब्लू चीज खारट आणि उग्र, त्याला गोडच हवं. फ्रान्समध्ये रोकफोर्ट या ब्लू चीजसोबत सोतर्न पितात, इंग्लंडमध्ये स्टिल्टन या ब्लू चीजसोबत पोर्ट, दोन्ही गोड वाईन. आपण नाही का पुरणपोळीबरोबर झणझणीत कटाची आमटी घेत, तसंच एकाने दुसऱ्याची चव खुलते. आपल्याकडे लेट हार्वेस्ट शेनिन (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन) मिळते, ती घ्या.

आणि चीज फ्रिजमधून काढून लगेच ताटात ठेवलंत का? गार ब्रीला चवच नसते. ठाण्याच्या दमट हवेत अर्धा तास बाहेर पुरे, बोटाने दाबलं की मध्ये मऊ लागलं पाहिजे, कापल्यावर कडेने हळूच ओघळायला लागलं की समजा तयार. रेडचं मात्र उलटं. ती रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात ते तिकडच्या १६-१८ डिग्रीच्या खोल्यांसाठी, आपल्या तिशीतल्या हॉलमध्ये नुसती अल्कोहोलची वाफ नाकात जाते, म्हणून आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

मैत्रिणीसाठी पाकिटावर हिरवा ठिपका बघाच. अस्सल पार्मिजानो (इटलीचं कडक चीज) आणि रोकफोर्ट प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, विरजतात, ते तिला देऊ नका. मायक्रोबियल रेनेट (सूक्ष्मजीवांपासून केलेलं) लिहिलं असेल तर बिनधास्त द्या.

उरलेलं ब्लू चीज फेकलं नसेल तर बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा आणि आज रात्री एक तुकडा मध घालून खाऊन बघा, वाईन नसली तरी चालेल.